हिंदी गाण्यातला गोव्याचा ट्रम्पेट

‘अलबेला’ म्हटले की सी. रामचंद्र आणि भगवानदादा आठवतात. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मात्र सहसा आठवत नाहीत. गोव्यातील हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेल्या अंतोनियो झेवियर वाझ यांचे हे टोपणनाव. लुई आर्मस्ट्राँगच्या शैलीचा ध्यास घेतलेल्या या वादकाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःच्या वाद्यवृंदासह जॅझच्या मैफली रंगवल्या. पुढे सी. रामचंद्रांचे सहायक म्हणून त्यांनी ती लय हिंदी गाण्यांत आणली. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षीच्या ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. त्यातील तलत महमूद यांचे गीत रसिकांच्या ओठी राहिले. चाल कोणाची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. १९६७ मध्ये ते निवर्तले.