माइक हेलवूड : वेगाचा निगर्वी सम्राट

क्रीडाक्षेत्रात उपजत गुणवत्ता मोठी की वृत्ती, हा वाद जुनाच आहे. मोटारसायकल शर्यतींच्या जगात तर तो प्रत्येक मोसमात नव्याने उभा राहतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांचे डोळे दिपवणारे आणि पुढे पराभव पचवता न आल्याने, भीतीने ग्रासल्याने किंवा यशाची धुंदी चढल्याने विस्मृतीत गेलेले स्वार येथे थोडे नाहीत. दुसरीकडे, अंगी बेताचेच कसब असताना केवळ जिद्दीच्या बळावर वर आलेलेही आहेत. या दोन्ही गटांत न बसणारा एक स्वार विसाव्या शतकात होऊन गेला. त्याला गुणवत्ता जन्मजात लाभली होती, पैसाही घरचाच होता. बिघडण्यासाठी लागणारे सारे काही हाताशी असताना तो बिघडला नाही. त्याचे नाव स्टॅन्ली मायकेल बेली हेलवूड. चाहत्यांनी मात्र त्याला ‘माइक द बाइक’ याच नावाने ओळखले.

२ एप्रिल १९४० रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील ग्रेट मिल्टन या गावी माइकचा जन्म झाला. वडील स्टॅन हेलवूड हे मोटारसायकल विक्रीच्या व्यवसायात अफाट पैसा मिळवलेले, हिशेबी आणि महत्त्वाकांक्षी गृहस्थ. मुलाला त्यांनी पँगबर्न येथील नौकानयन शिक्षणाच्या शाळेत घातले. पण अभ्यासात त्याचे मन रमले नाही. शाळा सोडून काही काळ त्याने ट्रायम्फच्या कारखान्यात काम केले. एप्रिल १९५७ मध्ये, सतरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असताना, औल्टन पार्कच्या मार्गावर तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला.

मुलाचा कल लक्षात येताच स्टॅन यांनी तिजोरी खुली केली. उत्तमोत्तम यंत्रे, निष्णात मेकॅनिक, स्वतंत्र संघ, सारा सरंजाम त्यांनी उभा केला. एकच जुनी गाडी रात्र रात्र जागून दुरुस्त करणाऱ्या आणि त्याच गाडीवर पोट असलेल्या स्वारांच्या मेळ्यात हा धनिकपुत्र उपरा वाटणे स्वाभाविक होते. बापाच्या पैशावर शर्यती जिंकणारा मुलगा, अशी कुजबुज त्याच्या मागे सुरू झाली. माइकलाही या थाटामाटाचा संकोच वाटे. त्या कुजबुजीला त्याने कधी तोंडाने उत्तर दिले नाही. शर्यत संपली की तो सामान्य स्वारांच्या घोळक्यात जाऊन बसे आणि थट्टामस्करीत रंगून जाई. जाझ संगीताची त्याला आवड होती आणि क्लॅरिनेट हे त्याचे लाडके वाद्य होते. हळूहळू कुजबुज थांबली. पैशाने गाडी विकत घेता येते, पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर ती सांभाळणारे हात विकत घेता येत नाहीत, हे इतरांनाही उमगले होते.

हे हात किती असामान्य आहेत याची साक्ष १९६१ साली आइल ऑफ मॅन बेटावर मिळाली. येथील ‘टुरिस्ट ट्रॉफी’ अर्थात टीटी शर्यत ही जगातील सर्वांत कठीण शर्यतींपैकी एक मानली जाते. सुमारे ६० किलोमीटर लांबीचा हा मार्ग म्हणजे एरवी वाहतुकीचा साधा रस्ता. दोन्ही बाजूंना घरे, दगडी भिंती, विजेचे खांब आणि दोनशेहून अधिक वळणे. एका चुकीची किंमत येथे अनेकांनी प्राणाने मोजली आहे. त्या आठवड्यात हेलवूडने होंडावर १२५ आणि २५० सीसी गटांच्या, तर नॉर्टनवर ५०० सीसीची मानाची सीनियर शर्यत जिंकली. एकाच आठवड्यात टीटीच्या तीन शर्यती जिंकणारा तो पहिलाच स्वार. ३५० सीसी गटातही तो आघाडीवर होता, पण अखेरच्या टप्प्यात एजेएस गाडीच्या इंजिनाने दगा दिला. त्याच वर्षी २५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याच्याकडे आले. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी तो एमव्ही ऑगस्टा या बलाढ्य इटालियन संघात दाखल झाला. तेथे त्याचा सहकारी होता गॅरी हॉकिंग. १९६१ साली ३५० आणि ५०० सीसी या दोन्ही गटांत विश्वविजेता ठरलेला हॉकिंग गुणवत्तेत कोणालाही हार जाणारा नव्हता. पण १९६२ च्या ज्युनियर टीटीत त्याचा जिवलग मित्र टॉम फिलिस मृत्युमुखी पडला आणि हॉकिंग आतून कोलमडला. ती शर्यत हेलवूडने जिंकली होती. हॉकिंगने त्याच आठवड्यात सीनियर शर्यत जिंकली, पण त्यानंतर मोटारसायकल शर्यतींना त्याने रामराम ठोकला. चारचाकी अधिक सुरक्षित, या समजुतीने तो मोटार शर्यतींकडे वळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत सरावादरम्यान झालेल्या अपघातात त्याचाही अंत झाला. हेलवूडलाही मृत्यूचे भय नव्हते असे नाही. सहकाऱ्यांच्या अंत्ययात्रा त्याने पुष्कळ पाहिल्या. मात्र भीतीला दडपून न टाकता आणि तिच्या आहारीही न जाता तिच्यासह गाडीवर बसण्याची विलक्षण कला त्याला साधली होती.

१९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे ५०० सीसीचे विश्वविजेतेपद त्याच्याकडेच राहिले. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे त्याने एका तासात १४४.८ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी अमेरिकन ग्रां प्रीही जिंकली. पण त्या काळातील हेलवूड खऱ्या अर्थाने कळतो तो १९६५ च्या सीनियर टीटीत. पावसाने रस्ता निसरडा झाला होता. ‘सेराज कॉटेज’ नावाच्या वळणावर त्याचा तरुण इटालियन सहकारी जाकोमो अगोस्तिनी घसरून शर्यतीबाहेर गेला. पुढच्या फेरीत हेलवूडही त्याच ठिकाणी आपटला. नाकातून रक्त येत होते, पुढची काच फुटली होती, धूर सोडणाऱ्या नळ्या चेपल्या होत्या. वाकलेली गाडी त्याने ओढून सरळ केली, उतारावर ढकलत पुन्हा सुरू केली, वाटेत थांबून जुजबी दुरुस्ती करून घेतली आणि अखेर ती शर्यत जिंकली. हरलेली शर्यत सोडून देण्याचा सन्माननीय मार्ग समोर असताना त्याने तो घेतला नाही.

१९६६ मध्ये तो होंडाकडे गेला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी २५० व ३५० सीसी या दोन्ही गटांत तोच विश्वविजेता ठरला. होंडाची ५०० सीसी गाडी मात्र वेगळेच प्रकरण होते. इंजिन अचाट ताकदीचे. पण सांगाडा त्या ताकदीपुढे दुबळा. वळणावर ती अक्षरशः उधळे. दुसरा एखादा स्वार अशा गाडीवर बसण्यासच नकार देता. हेलवूडने तक्रारी जरूर केल्या. परंतु झेंडा हलल्यावर तक्रार बाजूला ठेवली आणि हाती असलेल्या गाडीवर सर्वस्व पणाला लावले.

एव्हाना अगोस्तिनी एमव्हीचा प्रमुख स्वार झाला होता. १९६७ च्या सीनियर टीटीतील त्या दोघांची झुंज आजही अभ्यासकांच्या स्मरणात आहे. सैल झालेली अॅक्सिलरेटरची मूठ हातोडीने ठोकून बसवत हेलवूडने पाठलाग चालू ठेवला आणि ताशी १०८.७७ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाची फेरी नोंदवली. अगोस्तिनीच्या गाडीची साखळी तुटली आणि विजय हेलवूडच्या पदरी पडला. त्या फेरीचा विक्रम १९७५ पर्यंत अबाधित राहिला. मोसमाअखेरीस मात्र नियतीने हिशेब चुकता केला. मॉन्झा येथे मोठी आघाडी असताना होंडाच्या गिअरबॉक्सने घात केला. दोघांचे गुण समान झाले, प्रत्येकाचे विजयही पाच-पाच. केवळ दुसऱ्या क्रमांकांच्या संख्येवर विजेतेपद अगोस्तिनीला मिळाले. या पराभवाचे दोघांच्या मैत्रीवर सावटही पडले नाही.

१९६८ च्या प्रारंभी होंडाने ग्रां प्रीतून माघार घेतली. हेलवूडने दुसऱ्या संघाकडे जाऊ नये म्हणून कंपनीने त्याला ५० हजार पौंड दिल्याचे प्रसिद्ध आहे. नऊ विश्वविजेतेपदे आणि ७६ ग्रां प्री विजय नावावर असताना, वयाच्या २८ व्या वर्षी, मोटारसायकल शर्यतींतील त्याचे पहिले पर्व असे संपले.

त्यानंतर त्याने मोटार शर्यतींवर लक्ष केंद्रित केले. १९६९ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत तो तिसरा आला. १९७२ मध्ये फॉर्म्युला टू प्रकारात युरोपियन विजेता झाला. फॉर्म्युला वनमध्ये मात्र ५० शर्यतींत एकही विजय त्याला मिळाला नाही. दुचाकीवरून चारचाकीकडे येऊन विश्वविजेता झालेला जॉन सर्टीज, ज्याच्या संघातून हेलवूडही धावला, हा यंत्राच्या प्रत्येक खिळ्याशी झुंजणारा माणूस होता. हेलवूडला यंत्रशास्त्रात फारसा रस नव्हता. मिळेल ते यंत्र जास्तीत जास्त वेगाने पळवायचे, हीच त्याची रीत. मोटारसायकलवर ज्या वृत्तीने त्याला अजिंक्य केले, तीच वृत्ती चाचण्या आणि तांत्रिक सुधारणांवर बेतलेल्या मोटारींच्या जगात अपुरी पडली, असे म्हणण्यास जागा आहे.

पण त्याच जगाने त्याची खरी उंची दाखवून दिली. ३ मार्च १९७३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत त्याची गाडी स्वित्झर्लंडच्या क्ले रेगाझोनीच्या गाडीवर आदळली. रेगाझोनी बेशुद्ध होऊन आत अडकला आणि गाडीने पेट घेतला. हेलवूड धावत गेला. त्याचे स्वतःचे कपडे पेटले. ते विझवून घेतल्यावर तो पुन्हा त्या ज्वाळांत शिरला आणि रेगाझोनीला बाहेर काढण्यासाठी झटला. रेगाझोनी वाचला. या धैर्याबद्दल ब्रिटिश सरकारने हेलवूडला ‘जॉर्ज मेडल’ हे नागरी शौर्यपदक दिले. स्वतः त्याने या घटनेचा गवगवा कधी केला नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीतील न्युरबर्गरिंग येथे झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या पायाला जबर इजा झाली आणि मोटार शर्यतींची कारकीर्द संपुष्टात आली. पत्नी पॉलिन आणि मुलांसह तो न्यूझीलंडला स्थायिक झाला. परंतु निवांत आयुष्य त्याला मानवेना. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सहा तासांच्या शर्यतीत तो डुकाटीवर उतरला आणि जुनी ओढ जागी झाली. मग त्याने आइल ऑफ मॅनला परतण्याचा निर्णय घेतला. वय ३८, पाय अधू आणि टीटीपासून ११ वर्षांची ताटातूट. अनेक हितचिंतकांना हे धाडस अनाठायी वाटले. मिळवलेली कीर्ती मातीमोल होण्याचा धोका होता. जिवाचा तर होताच.

३ जून १९७८ रोजी फॉर्म्युला वन टीटीत डुकाटीवर स्वार झालेल्या हेलवूडने आपल्या आधी सुटलेल्या फिल रीडला रस्त्यावरच गाठले. रीड हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी आणि या प्रकारातील आदल्या वर्षीचा विजेता. रीडच्या होंडाने अखेर मान टाकली आणि हेलवूडने नव्या विक्रमी फेरीसह विजय मिळवला. रस्त्याच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक हातातील कार्यक्रमपत्रिका हलवून त्याला निरोप देत होते. त्याच आठवड्यातील इतर शर्यतींत त्याला यश मिळाले नाही. त्याची सबबही त्याने सांगितली नाही. १९७९ मध्ये सुझुकीवर सीनियर टीटी जिंकून त्याने टीटी विजयांची संख्या १४ वर नेली आणि फेरीचा वेग ताशी ११४.०२ मैलांवर पोहोचवला. त्यानंतर शिखरावर असतानाच तो थांबला आणि बर्मिंगहॅममध्ये मित्राच्या भागीदारीत मोटारसायकलींचे दुकान चालवू लागला.

ज्याला टीटीच्या दगडी भिंती आणि न्युरबर्गरिंगची वळणे संपवू शकली नाहीत, त्याचा अंत घराजवळच्या रस्त्यावर झाला. २१ मार्च १९८१ च्या संध्याकाळी मुलगी मिशेल आणि मुलगा डेव्हिड यांना घेऊन तो खाद्यपदार्थ आणण्यासाठी मोटारीने निघाला होता. समोरच्या ट्रकने मना असलेल्या ठिकाणी अचानक वळण घेतले. नऊ वर्षांची मिशेल जागीच गेली, डेव्हिड बचावला. दोन दिवसांनी, २३ मार्च रोजी, हेलवूडनेही प्राण सोडला. चाळीस वर्षे पूर्ण होऊन एकेचाळिसावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. ट्रकचालकाला १०० पौंड दंड झाला.

हेलवूडचे बहुतेक विक्रम पुढे मोडले गेले. विश्वविजेतेपदांच्या आणि ग्रां प्री विजयांच्या संख्येत अगोस्तिनी त्याच्या पुढे गेला, तर टीटीतील १४ विजयांचा आकडा १९९३ मध्ये जोई डनलॉपने ओलांडला. नव्या पिढीच्या गाड्या त्याच्या गाड्यांहून कितीतरी वेगवान आहेत. तरीही थोर स्वारांची यादी करताना जाणकारांची लेखणी त्याच्या नावापाशी थबकते. गुणवत्ता त्याला आयती मिळाली होती आणि तिचा त्याने कधी अहंकार मिरवला नाही. यंत्र वाईट असो वा दैव फिरलेले असो, दोष दुसऱ्याच्या माथी मारणे त्याला ठाऊक नव्हते. क्यालामीच्या आगीत उडी घेताना पुढे पळालेल्या गाड्यांचा विचारही त्याच्या मनात आला नसावा. त्या दिवशीच्या निकालपत्रकात हेलवूडच्या नावापुढे शर्यत अपूर्ण एवढीच नोंद आहे.