जेम्स पॅरिस ली : घड्याळजीचा बंदूककार

तळवड्याहून पुण्याच्या वाटेस लागलें म्हणजे पिंपरी-चिंचवड मागें पडून खडकी येते. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. त्यांत पुढें जीं .३०३ मापाचीं काडतुसें होऊं लागलीं, तीं ज्या बंदुकींत भरीत, तिला ली-एनफील्ड म्हणत. एनफील्ड हें इंग्लंडांतील बंदुकांच्या कारखान्याचें ठिकाण होतें. परंतु ली कोण, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

जेम्स पॅरिस ली याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजीं स्कॉटलंडांतील हॉइक गांवीं झाला. तो पांच वर्षांचा असतां त्याचें कुटुंब कॅनडांत गॉल्ट येथें जाऊन राहिलें. बाप घड्याळजी, मुलगाही त्याच धंद्यांत तयार झाला. बाराव्या वर्षीं जुन्या पिस्तुलाची नळी व अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता जोडून त्यानें आपली पहिली बंदूक केली. ती नीट चालली नाहीं, पण त्या दिवसांपासून लागलेला छंद जन्मभर सुटला नाहीं.

पुढें तो अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं गेला. तेथील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१ ते १८६५) त्यास सरकारकडून १००० आखूड बंदुकांची मागणी मिळाली. परंतु नळीच्या मापावरून वाद निघाला व सरकारनें माल नाकारला. यंत्राच्या कामांत केसाएवढ्या फरकानें केवढी हानि होते, याचा हा मोठा दाखला होय. दुसरा कोणी असता तर पुन्हां घड्याळांकडे वळला असता. लीनें तसें केलें नाहीं.

त्या काळच्या अनेक बंदुकींत काडतुसें नळीखालच्या लांब पोकळींत एकामागें एक भरीत. हिसका बसला तर मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून स्फोट होण्याचें भय असे. लीनें काडतुसें एकावर एक रचून एका लहान पत्र्याच्या पेटींत ठेविलीं व ती पेटी बोल्टाच्या खालीं बसविली. पेटींतील कमान काडतुसें वर लोटी. बोल्ट मागें ओढून पुढें ढकलला कीं वरचें काडतूस नळींत जाई. दिसावयास गोष्ट एवढीशी. पण पुढें जगांतील बहुतेक सैनिकी बंदुका तिच्याच वळणावर गेल्या. तिचें पेटंट त्यास १८७९ सालीं मिळालें.

इंग्लंडनें १८८८ सालीं ही रचना स्वीकारली. प्रथम नळींतील आटे विल्यम मेटफर्ड याच्या पद्धतीचे होते. नव्या धूररहित दारूपुढें ते लवकर झिजूं लागले, तेव्हां १८९५ सालीं एनफील्डचे अधिक खोल आटे आले.

दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धांत (१८९९ ते १९०२) घोडेस्वारास लांब बंदूक अडचणीची वाटूं लागली. १९०१ सालीं थॉर्नीक्रॉफ्ट नांवाच्या बंदुकींत एक नवीच युक्ति निघाली : काडतुसांची पेटी व बोल्ट चापाच्या मागें, दस्त्यांतच बसवावयाचे. त्यामुळें ती बंदूक सुमारें साडेसात इंचांनीं आखूड झाली. परंतु तिचा धक्का जबर होता व ती हाताळण्यासही गैरसोयीची होती, म्हणून सैन्यानें ती घेतली नाहीं. त्याऐवजीं लीच्याच बंदुकीची नळी सुमारें पांच इंच कमी करून पायदळ व घोडदळ या दोघांसही चालेल अशी एकच बंदूक केली. तिचा प्रसार होत असतांनाच, २४ फेब्रुवारी १९०४ रोजीं, ली अमेरिकेंत मरण पावला.

दोन्ही महायुद्धांत आमच्या मराठा पलटणींनीं हीच बंदूक खांद्यावर वाहिली. दुसऱ्या महायुद्धांत तिच्यावर दुर्बीण बसवून निवडक नेमबाजांस दिली. दस्त्यांत यंत्र ठेवण्याची ती नाकारलेली युक्तिही मेली नाहीं. तिला आज बुलपप म्हणतात. नळी पुरती लांब ठेवून बंदूक आखूड करतां येते, हा तिचा गुण. चापापासून यंत्रापर्यंत लांब दांडी न्यावी लागते व नेमबाजास हवा तसा हलका, स्वच्छ चाप साधणें कठीण जातें, हा दोष. तरीही १९८० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या वाल्थर कारखान्यानें याच रचनेची नेमबाजी बंदूक बनविली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कांहीं शिपायांच्या हातीं .३०३ बंदूकच होती. समोर क्षणांत अनेक गोळ्या झाडणारीं नवीं शस्त्रें होतीं. शंभर वर्षांपूर्वीं जें उत्तम होतें तें आज पुरेसें असेलच असें नाहीं, हें त्या रात्रीं प्राणांचें मोल देऊन कळलें.

शस्त्र हें जीव घेण्याचें साधन आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तें कोणावर उगारावें हें कारागीर ठरवीत नाहीं. त्याचा भार उगारणाऱ्यावर व त्याला पाठविणाऱ्यावर असतो. परंतु जें हातून घडेल तें मापांत घडावें, आणि एकदां नाकारलें गेलें तरी पुन्हां घडवावें, एवढें लीच्या चरित्रापासून घेण्यासारखें आहे. तळवड्याच्या आसपास आज जागोजागीं यंत्रें फिरत आहेत. त्यांच्यापाशीं उद्यां उभ्या राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.