मादाम क्युरींची गाडी

मादाम क्युरी म्हटलं की रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिकं, एवढंच आपल्याला पटकन आठवतं. पण मी पडलो इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. त्यामुळे मला त्यांच्या आयुष्यातली १९१४ ते १९१८ ही चार वर्षं जास्त जवळची वाटतात. कारण या काळात त्यांनी संशोधन बाजूला ठेवलं आणि जखमी सैनिकांपर्यंत नेता येईल अशी क्ष-किरण यंत्रणा उभी केली.

आधी थोडी ओळख. मारिया स्क्लोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा इथे झाला. तेव्हा हे शहर रशियाच्या अमलाखाली होतं आणि मुलींना तिथल्या विद्यापीठाची दारं बंद होती. मग बहिणींनी आपसात ठरवलं की आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियाने दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवायचे आणि नंतर मारियाची पाळी. ती पाळी १८९१ मध्ये आली. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत त्या पहिल्या आल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झालं आणि त्याच वर्षी जर्मनीत रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले. पुढचं आपल्याला माहीत आहेच : १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम, १९०३ चं नोबेल, १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू, १९११ चं दुसरं नोबेल.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. तोफगोळ्यांच्या कपच्या शरीरात घुसलेले सैनिक रोज येऊ लागले. कपची नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय सर्जनने चिरायचं कुठे? क्ष-किरण यंत्रं होती, पण बहुतेक मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत. तिथे पोचेपर्यंत जखम चिघळायची. तेव्हा रुग्णाला यंत्राकडे न्यायच्या ऐवजी यंत्रच रुग्णाकडे न्यायचं, असं मादाम क्युरींनी ठरवलं. तशा काही गाड्या आधीही होत्या, पण गरजेच्या मानाने अगदीच थोड्या.

आता यंत्र निवडायचं तर पहिला प्रश्न विजेचा. आघाडीजवळच्या बऱ्याच इस्पितळांत वीजच नव्हती. त्यावर त्यांचा उपाय मला फार आवडतो. गाडीच्या इंजिनावर डायनॅमो फिरवायचा, त्याची वीज इंडक्शन कॉइलला द्यायची आणि नळीला लागणारा हजारो व्होल्टचा दाब तिथून मिळवायचा. म्हणजे जे इंजिन यंत्राला घेऊन येणार, तेच त्याला वीजही देणार! सोबत नळीचा स्टँड, घडीचं टेबल, फोटोच्या काचा, खोलीत अंधार करायला पडदे आणि गाडीपासून खोलीपर्यंत पोचणारी लांब केबल. सगळं सुटसुटीत, थोड्या वेळात जोडता येईल असं. पैसा आणि गाड्या मात्र मागून आणाव्या लागल्या. पहिल्या गाडीचा खर्च फ्रेंच महिलांच्या एका संघटनेने केला. लष्करी अधिकाऱ्यांच्या मागे लागून परवानग्या मिळवणं, हे आणखी वेगळं काम.

फोटो निघाला तरी तो सपाट असतो, खोली कशी कळणार? इथे आपली भूमिती कामाला येते. एक फोटो काढायचा, नळी ठरावीक अंतर बाजूला सरकवायची आणि दुसरा काढायचा. समजा नळी काचेपासून ६० सेंमी उंच आहे, ती ६ सेंमी सरकवली आणि कपचीची सावली १.५ सेंमी सरकली. समरूप त्रिकोणांवरून कपची काचेपासून ६० × १.५ ÷ ७.५ = १२ सेंमी उंचीवर आहे. दहावीचं गणित, पण त्यावर एखाद्याचा पाय वाचायचा.

दुसरा प्रश्न, हे चालवणार कोण? मादाम क्युरी स्वतः शरीररचना शिकल्या, गाडी शिकल्या आणि १९१६ मध्ये त्यांनी लायसन्सही काढलं. पंक्चर झालं तर चाक स्वतः बदलायच्या. १७ वर्षांची मुलगी इरीन मदतीला आली. मग दोघींनी मिळून सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवलं. युद्ध संपेपर्यंत २० गाड्या आणि इस्पितळांमधल्या सुमारे २०० क्ष-किरण खोल्या त्यांनी उभ्या केल्या होत्या. त्यांतून दहा लाखांहून जास्त सैनिक तपासले गेले, असा अंदाज आहे.

तिसरा प्रश्न मात्र मागे राहिला, तो सुरक्षिततेचा. क्ष-किरणांनी हात भाजतात हे तेव्हाही माहीत होतं, पण त्या घाईत पुरेसं संरक्षण ना आईला मिळालं, ना मुलीला. ४ जुलै १९३४ रोजी मादाम क्युरी गेल्या, कारण ॲप्लास्टिक ॲनिमिया. इरीन १९५६ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. १९९५ मध्ये मादाम क्युरींचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना तपासणी झाली, तेव्हा किरणोत्सार अपेक्षेपेक्षा कमी निघाला. त्यामुळे त्यांचा घात रेडियमपेक्षा युद्धातल्या क्ष-किरणांनी केला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

म्हणूनच मला वाटतं, आज एखाद्या डॉक्टरला आपल्या छोट्या इस्पितळासाठी फिरतं क्ष-किरण यंत्र घ्यायचं असेल, तर त्याने किंमत आणि किलोव्होल्ट बघायच्या आधी हेच तीन प्रश्न विचारावेत. साध्या प्लगवर किंवा बॅटरीवर ते चालेल का? चालवणारा माणूस शिकलेला आहे का? आणि त्याच्यासाठी शिशाचा एप्रन आणि लांबून बटण दाबता येईल अशी वायर आहे का? अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हे तर आपण फिजिक्समध्ये शिकलोच आहोत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेलंच यंत्र घ्यावं लागतं आणि ते वापरायला परवाना लागतो. पुष्कळांना ही नुसती कागदपत्रांची कटकट वाटते. मला मात्र त्या नियमांमागे स्वतःचा विचार न करता नळीशेजारी उभ्या राहिलेल्या त्या मायलेकी दिसतात.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी अशी यंत्रं बनवेल, कोणी विकेल, कोणी दुरुस्त करेल. यंत्राची क्षमता लिहिताना ते चालवणाऱ्या माणसासाठीही एक रकाना ठेवा. तो रिकामा सोडू नका.