अंधारातले दादासाहेब

बीडच्या आमच्या हॉस्टेलवर गॅदरिंगचे फोटो एडिट करताना जो तो शार्पनिंगचा स्लायडर शेवटपर्यंत ओढतो. मग प्रिंटवर कडांना पांढरी रेघ येते. अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. आधी फोटोग्राफर, मग छपाईचे ब्लॉक बनवणारे. त्यांना कुठला स्लायडर! सिनेमाच्या नादात रात्र-रात्र जागून या माणसाची नजरच जवळजवळ गेली होती. उपचारांनी परत आली, आणि पठ्ठ्या १९१२ मध्ये विमा गहाण टाकून लंडनहून कॅमेरा घेऊन आला. घरी अंधारात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र थरथरणार, धूसर दिसणार. ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.