नाव टिपून ठेवणारी बाई

रॉक अँड रोल गाण्याचा राजा म्हणून जगाला ठाऊक झालेला एल्विस प्रेस्ली ८ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेतील टुपेलो गावी गरीब घरात जन्मला. जुळा भाऊ मृतच जन्मल्याने आई ग्लॅडिसबाईंचा सारा जीव या एकुलत्या एकावर. १९४८ साली कुटुंब मेंफिस शहरी आले.

१९५३ साली एल्विसने पदरचे पैसे भरून तेथील एका स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. कचेरीतील मॅरियन कायस्कर या बाईंनी त्याचे नाव आठवणीने टिपून ठेवले. पुढे मालक सॅम फिलिप्स यांनी त्याला बोलावले. तेव्हा तो मालमोटार चालवीत असे. जुलै १९५४ मध्ये त्याची तबकडी मेंफिसच्या रेडिओवर वाजली, तोच श्रोत्यांचे फोनवर फोन! तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावावी लागली. एल्विस मात्र संकोचाने सिनेमागृहात जाऊन बसला होता. आईवडिलांनी त्याला शोधून आणले.

पुढे कीर्ती व पैसा अमाप मिळाला. पण १९५८ साली आई गेली, आणि १६ ऑगस्ट १९७७ रोजी, अवघ्या ४२व्या वर्षी, तोही गेला.

गुण अंगी असतो, पण तो हेरणारे कोणी लागते. आपल्या मंडळात लाजत गाणाऱ्या मुलीचेही नाव कोणी भगिनीने असेच टिपून ठेवावे.