विमानांतील पहिली परिचारिका : एलेन चर्च

समुद्रापलीकडे जाणाऱ्या मोठ्या विमानांत पाऊल टाकतांच दारांत कोणी तरी हसतमुखानें नमस्कार करून आपली जागा दाखवितें. थोड्या वेळानें दुसरें कोणी पाणी आणून देतें, तिसरें कोणी डोक्यावरील सामानाचे खण बंद करीत जातें. या प्रत्येकाचें काम आधींच नेमून दिलेलें असतें, हें बहुतेक प्रवाशांच्या ध्यानींही येत नाहीं. या कामावरील स्त्रियांस आपल्याकडे हवाई सुंदरी असें नांव पडलें आहे. नांव कानास गोड खरें. पण त्यांत कामाचा मागमूसही नाहीं. हा व्यवसाय जिनें स्त्रियांस प्रथम खुला केला ती सौंदर्याच्या बळावर विमानांत चढली नव्हती. रुग्णसेवेच्या शिक्षणाच्या बळावर ती चढली, आणि तेंही जें मागावयास गेली होती तें न मिळाल्यावर. त्या स्त्रीचें चरित्र वाचकांस येथें थोडक्यांत सादर करण्याचें योजिलें आहे.

एलेन चर्च हिचा जन्म २२ सप्टेंबर १९०४ रोजीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, क्रेस्को या लहानशा गांवीं, एका शेतकरी कुटुंबांत झाला. मिनेसोटा विद्यापीठांत परिचारिकेचें शिक्षण पुरें करून ती १९२६ सालीं उत्तीर्ण झाली व पुढें सॅन फ्रान्सिस्को शहरांतील फ्रेंच इस्पितळांत नोकरीस लागली. इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करावी आणि सवड मिळाली कीं विमान चालविण्याचे धडे घ्यावे, असा तिचा क्रम होता. एका हातांत औषधाची बाटली व दुसऱ्या हातांत विमानाचें सुकाणूं, ही जोडी लोकांस चमत्कारिक वाटली असेल. तिला ती तशी वाटली नाहीं.

१९३० सालच्या आरंभीं ती बोइंग एअर ट्रान्स्पोर्ट या विमान कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील कचेरींत गेली. तेथील व्यवस्थापक स्टीव्ह स्टिम्पसन यांच्यापाशीं तिनें वैमानिकाच्या जागेची गोष्ट काढली. स्त्रीस ती जागा देण्याचा विचारही त्या काळीं कोणी करीत नसे; नकार ठरलेलाच होता. दुसरी एखादी मान खालीं घालून परतली असती. एलेननें मात्र तेथेंच बसून दुसरी सूचना पुढें मांडली. विमानप्रवास म्हटला कीं लोकांच्या पोटांत भीतीचा गोळा उठतो. ती भीति घालवावयाची तर प्रत्येक विमानांत एक शिकलेली परिचारिका ठेवावी. कोणास मळमळलें, कोणी घाबरलें, तर त्याची देखभाल होईल. शिवाय एक तरुण स्त्री विमानांत निर्भयपणें वावरतांना पाहून धट्टेकट्टे पुरुष भीतीचें नांव काढावयास लाजतील. प्रवाशांच्या दिमतीस कोणी असावें हा विचार स्टिम्पसन यांच्याही मनांत घोळत होता, परंतु त्यांच्या डोळ्यांपुढें पुरुष नोकर होते. जर्मनीच्या झेपेलिन आकाशनौकांवर हाइनरिख कुबिस नांवाचा एक गृहस्थ १९१२ पासून हें काम करीत आला होता. एलेनचें म्हणणें स्टिम्पसन यांस पटलें. कंपनीच्या वरिष्ठांनीं प्रथम ही कल्पना झिडकारली. मग तीन महिने करून पाहण्यापुरती परवानगी दिली.

अशा रीतीनें आठ परिचारिका नेमण्याचें ठरलें, आणि एलेनबाई त्यांच्या प्रमुख झाल्या. अटी कडक होत्या. उमेदवार शिकलेली परिचारिका असावी, अविवाहित असावी, वय २५ च्या वर नसावें, उंची ५ फूट ४ इंचांहून व वजन ११५ पौंडांहून अधिक नसावें. विमानांत जागा अरुंद, आणि वजनाचा हिशेब पौंडापौंडाचा. म्हणून उंचीवजनाची अट समजण्याजोगी होती. अविवाहित असण्याच्या अटीस तसें कांहींच कारण नव्हतें, आणि हीच अट पुढें कित्येकींच्या पोटावर पाय देणारी ठरली. वेतन महिना १२५ डॉलर होतें.

१५ मे १९३० रोजीं एलेनबाई पहिल्यानें प्रवाशांबरोबर निघाल्या. विमान बोइंग ८०-ए जातीचें, तीन इंजिनांचें, दोन मजली पंखांचें. ओकलंडहून शिकागोपर्यंत सुमारें २० तासांचा प्रवास, वाटेंत १३ ठिकाणीं उतरणें, आणि प्रवासी १४. आठ जणींची वांटणी अशी होती कीं चौघींनीं सॅन फ्रान्सिस्को ते शायेन हा पश्चिमेचा टप्पा सांभाळावा व चौघींनीं शायेन ते शिकागो हा पूर्वेचा. विमानांतील सेविकांची ही पहिली कामवांटणी म्हणावयास हरकत नाहीं. परंतु ती केवळ वाटेची वांटणी होती. एकदां विमान उडालें कीं आंतील सर्व कामें एकट्याच बाईच्या अंगावर.

तीं कामें किती, हें ऐकून आज हंसूं येईल. प्रवाशांचें सामान चढवावें, खिळखिळ्या झालेल्या खुर्च्या पेंचकसानें जमिनीस घट्ट कराव्या, माशा माराव्या, पाव, फळें व कोंबडीचें जेवण वाढावें, कॉफी द्यावी. कोणी न्हाणीघराचें दार समजून बाहेरचें दार उघडूं पाहील, तर त्यास वेळींच अडवावें! खालीं उतरल्यावर प्रसंगीं विमानांत तेल भरण्यास हात लावावा, तें ढकलून कोठारांत नेण्यासही मदत करावी. हवा बिघडून विमान मध्येंच उतरलें तर प्रवाशांस आगगाडींत बसवून द्यावयाचें, म्हणून रेल्वेचें वेळापत्रकही जवळ बाळगावें. हीं विमानें आजच्याप्रमाणें ढगांच्या वरून जात नसत. थोड्या उंचीवरून वाऱ्याचे हेलकावे खात जात, आणि इंजिनांच्या आवाजांत बोललेलें शेजाऱ्यासही ऐकूं येत नसे. अशा स्थितींत ओकाऱ्या काढणाऱ्या माणसास धीर देणें हें काम इस्पितळांत तयार झालेल्या स्त्रीसच साधावें. आपल्या मिशन इस्पितळांतील सिस्टरची टापटीप व दरारा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

एका बाईच्या डोक्यावर असलेला हा भार पुढें कसा वांटला गेला तेंही पाहण्यासारखें आहे. दहा-पंधरा तास न थांबतां उडणाऱ्या आजच्या विमानांत तीनतीनशें प्रवासी असतात, आणि त्यांच्या सेवेस दहा-पंधरा जण; कांहीं विमानांत त्याहूनही अधिक. त्यांचा एक प्रमुख असतो. वैमानिकांशीं बोलणें, कामें नेमून देणें, तंटा उद्भवल्यास तो मिटविणें हें त्याचें काम. विमानाच्या प्रत्येक विभागास एक जबाबदार माणूस असतो. कोणी स्वयंपाकघरांत राहून जेवण तापविण्याचें व ताटें लावून देण्याचें पाहतें, कोणी वाढावयास जातें. रात्रीं निम्मे लोक वरच्या किंवा खालच्या बाजूस दडविलेल्या चिंचोळ्या बिछान्यांवर पाळीनें झोंप घेतात, तेव्हां उरलेले निम्मे अंधारांत फेऱ्या घालीत असतात. पण खरी वांटणी दारांची. विमान उडतांना व उतरतांना प्रत्येक जण आपापल्या नेमलेल्या दाराजवळच्या आसनावर बसतो. त्या क्षणीं तो गप्प दिसला तरी रिकामा नसतो. अपघात झालाच तर प्रथम काय पाहावें, बाहेर आग नाहीं ना, दार केव्हां उघडावें, हवेनें फुगणारी घसरगुंडी कशी सोडावी, याची तो मनांत उजळणी करीत असतो. नव्या जातीचें विमान पसंत करण्यापूर्वीं त्यांतील सर्व माणसें निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत बाहेर पडूं शकतात असें दाखवून द्यावें लागतें. आणि हें साधतें तें त्या दारापाशीं बसलेल्यांमुळें. चहाचा पेला हा त्यांच्या कामाचा दिसणारा भाग, इतकेंच.

एलेनबाईंस मात्र आरंभीं सहकाऱ्यांचीच नाराजी सोसावी लागली. कित्येक वैमानिकांस विमानांत स्त्री नको होती. प्रवाशांनीं मात्र आपलें मत लौकरच दिलें. तीन महिने संपले तेव्हां हा उपक्रम बंद करण्याचें कोणाच्या मनांतही राहिलें नव्हतें, आणि थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनींही परिचारिका नेमल्या. तथापि ज्या आसनाची एलेनबाईंनीं मूळ मागणी केली होती, तें स्त्रियांस बंदच राहिलें. १९३४ सालीं हेलन रिची नांवाच्या एका स्त्रीस एका अमेरिकन कंपनीनें वैमानिक म्हणून घेतलें. पण तिच्या वाटेंत इतके अडथळे आले कीं वर्षभरांतच ती ती जागा सोडून गेली. विमानांत स्त्रीचें स्वागत झालें तें पाठीमागच्या भागांत, आणि तेंही ती तरुण व अविवाहित असेपर्यंत. लग्न केलें कीं नोकरी गेली, हा नियम अमेरिकेंतील अनेक कंपन्यांनीं १९६० नंतरही चालविला. पुढें १९६४ च्या कायद्याच्या आधारें स्त्रिया न्यायालयांत गेल्या, तेव्हां तो मोडला. एलेनबाईंनीं उघडलेलें दार लहान होतें हें मान्य केलें पाहिजे. त्याचा दोष मात्र त्यांच्याकडे येत नाहीं.

स्वत: त्यांचें विमानांतील काम अवघे अठरा महिने चाललें. मोटारीच्या अपघातांत दुखापत झाल्यामुळें त्यांस तें सोडावें लागलें. त्या पुन्हां मिनेसोटा विद्यापीठांत गेल्या, परिचारिका-शिक्षणाची पदवी घेतली आणि १९३६ सालीं मिल्वॉकी येथील इस्पितळांत मुलांच्या विभागाच्या मुख्य झाल्या. इतक्यांत दुसरें महायुद्ध पेटलें. १९४२ सालीं त्या सैन्याच्या परिचारिका-पथकांत दाखल झाल्या व कॅप्टनच्या हुद्यापर्यंत चढल्या. उत्तर आफ्रिका, सिसिली, इंग्लंड, फ्रान्स अशा रणांगणांमागून जखमी शिपायांस विमानानें मागें आणण्याच्या कामावर त्या होत्या. या विमानांत डॉक्टर क्वचितच असे. एक परिचारिका व तिच्या हाताखालीं एक मदतनीस शिपाई, एवढ्यांनींच झोळ्यांवर निजविलेल्या अठरा-वीस जखमींस वाटेंत जिवंत ठेवावयाचें. १९३० सालीं कॉफी देतां देतां जें एकटेपण त्यांनीं अंगवळणीं पाडून घेतलें होतें तें येथें उपयोगीं पडलें असेल, असें मला वाटतें. या सेवेबद्दल त्यांस एअर मेडल हें पदक मिळालें. युद्धामुळें परिचारिकांची निकड एवढी वाढली होती कीं विमान कंपन्यांस परिचारिका असण्याची अट सोडून द्यावी लागली, आणि तेव्हांपासून हा व्यवसाय इतर तरुण स्त्रियांसही खुला झाला.

युद्धानंतर एलेनबाई इंडियाना राज्यांतील टेरे होट येथें युनियन इस्पितळांत परिचारिकांच्या प्रमुख म्हणून गेल्या व पुढें त्या इस्पितळाचा कारभारही त्यांनीं पाहिला. १९६४ सालीं तेथील एका बँकेचे अध्यक्ष लेनर्ड मार्शल यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पण हें सुख फार दिवस लाभावयाचें नव्हतें. २२ ऑगस्ट १९६५ रोजीं घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांच्या वयास ६० वर्षें पुरीं होऊन एकसष्टावें संपत आलें होतें. त्यांच्या जन्मगांवच्या, क्रेस्कोच्या, लहानशा विमानतळास त्यांचें नांव देण्यांत आलें आहे.