पाच बल्ब पेटले आणि जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होते हे जगाने पाहिलं

इटलीतल्या टस्कनी प्रांतात एक खोरं आहे. तिथं जमिनीच्या भेगांमधून उकळतं पाणी आणि वाफ बाहेर पडते. म्हणून लोक त्याला सैतानाचं खोरं म्हणायचे. या सैतानाला कामाला लावणारा माणूस म्हणजे पिएरो जिनोरी कोंती.

त्यांचा जन्म १८६५ चा, फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातला. १८९४ मध्ये त्यांचं लग्न झालं आद्रियाना दे लार्देरेल यांच्याशी. सासरचा धंदा बोरिक ॲसिडचा. खोऱ्यातलं गरम पाणी आटवलं की हे ॲसिड मिळायचं. आधी त्यासाठी लाकडं जाळायचे, जंगल संपायला लागलं. मग कारखान्याचे संस्थापक फ्रान्स्वा दे लार्देरेल यांनी जमिनीतल्याच वाफेवर पाणी आटवायला सुरुवात केली. सरपणाचा प्रश्नच मिटला. कारखान्याभोवती गाव वसलं, त्याचं नाव पडलं लार्देरेलो.

पुढे अमेरिकेतला स्वस्त बोरॅक्स बाजारात आला आणि धंदा अडचणीत सापडला. अख्खं गाव एकाच मालावर जगत होतं. कारभार हातात आलेल्या जिनोरी कोंतींना दुसरी वाट शोधणं भाग होतं. त्यांनी विचार केला, ॲसिड विकलं जाईना, पण वाफ तर आहे ना?

अडचण अशी होती की या वाफेत रसायनं असतात, त्याने यंत्रं गंजतात. मग युक्ती केली. जमिनीतल्या वाफेनं साधं पाणी तापवायचं आणि त्याची स्वच्छ वाफ इंजिनाला द्यायची. ४ जुलै १९०४ रोजी अशा इंजिनाला डायनामो जोडला आणि पाच बल्ब पेटले. १९१३ मध्ये तिथंच २५० किलोवॅटचं केंद्र सुरू झालं. भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं हे जगातलं पहिलं व्यावसायिक वीजकेंद्र. कारखान्याला आणि आसपासच्या गावांना त्याची वीज मिळू लागली.

१९३९ मध्ये जिनोरी कोंती वारले. पाचच वर्षांत, दुसऱ्या महायुद्धात लार्देरेलोची वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली. पण यंत्रं मोडली तरी जमिनीखालची उष्णता जागेवरच होती. युद्धानंतर केंद्रं पुन्हा उभी राहिली. १९५८ मध्ये न्यूझीलंडनेही वायराकेई इथं असं मोठं केंद्र सुरू केलं.

आज टस्कनीच्या विजेचा साधारण एक तृतीयांश वाटा जमिनीखालच्या उष्णतेतून येतो. सुरुवात मात्र बुडत्या धंद्याला वाचवण्यासाठी पेटवलेल्या त्या पाच बल्बांची.